फौजदारी बचावाचं शिक्षण: लोक अभिरक्षक कार्यालय, तुरुंग आणि विधी शाखेचे विद्यार्थी

गोदाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करते आणि एका विधी महाविद्यालयाचं मोफत विधी सहाय्य केंद्रही सांभाळते. परीक्षा संपत आल्या की मुलांचे मेसेज सुरू होतात: "मॅडम, क्रिमिनलमध्ये इंटर्नशिप करायची आहे, महिनाभराचं सर्टिफिकेट मिळेल ना?" प्रत्येकाला वेगवेगळं उत्तर देण्यापेक्षा इथे एकदा सविस्तर लिहिते. प्राध्यापक, वकील, तुरुंगात काम करणारे कार्यकर्ते यांनीही भर घालावी.

आधी पार्श्वभूमी. वकील नेमायची ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारी खर्चाने वकील मिळणं हा त्याचा हक्क आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३९-क मध्ये मोफत विधी सहाय्याचं तत्त्व आहे. १९७८ च्या हॉस्कोट प्रकरणात (ते महाराष्ट्रातलंच) आणि १९७९ च्या हुसैनआरा खातून प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा हक्क अनुच्छेद २१ शी जोडला. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे कोठडीतली प्रत्येक व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे, तिथे उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे मुलांना पाठ असतं. पण त्याच कायद्याच्या कलम ४ मध्ये, महाविद्यालयांतल्या विधी सेवा केंद्रांना आणि प्रात्यक्षिक विधी शिक्षणाला चालना देणं हे राष्ट्रीय प्राधिकरणाचं काम म्हणून लिहिलंय, ते फार कमी जणांनी वाचलेलं असतं. म्हणजे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या दारात जाणारा विद्यार्थी कुणाच्या मेहेरबानीवर जात नाही.

पूर्वी हे सगळं काम पॅनेलच्या वकिलांकडे असायचं. स्वतःच्या खासगी केसेस सांभाळत ते विधी सहाय्याची प्रकरणं चालवत, मानधन प्रकरणागणिक. त्यात मनापासून झटणारे वकील मी पाहिलेत, पण विद्यार्थ्याला बसायला, फायली बघायला, कुणाला काही विचारायला ठिकाण नव्हतं. २०२२ च्या योजनेने जिल्ह्याजिल्ह्यात लोक अभिरक्षक कार्यालयं उभी राहिली. मुख्य लोक अभिरक्षक, त्यांच्या हाताखाली उपमुख्य आणि सहायक, सगळे पूर्णवेळ आणि खासगी प्रकरणं घ्यायला मनाई. आरोपीच्या बाजूने सरकारी खर्चाने काम करणारं एक चालतं ऑफिस त्यामुळे आपल्याकडे पहिल्यांदा दिसायला लागलं. फौजदारी बचाव शिकायला याहून चांगली जागा नाही असं माझं ठाम मत आहे.

पण तिथे जाऊन शिकायचं काय? बहुतेक मुलं कोर्ट हॉलच्या मागच्या बाकावर बसतात, युक्तिवाद ऐकतात, डायरी भरतात आणि निघून जातात. युक्तिवाद हा कामाचा शेवटचा आणि छोटा भाग. खरं काम त्याच्या आधी होतं, आणि त्यातलं बरंचसं विद्यार्थी करू शकतो.

एक प्रसंग सांगते, ओळख पटेल असे तपशील बदललेत. चोरीच्या गुन्ह्यातला एक मुलगा तुरुंगात होता. दर तारखेला त्याला व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगवर) हजर दाखवायचे आणि पुढची तारीख पडायची. आमच्या दोन विद्यार्थिनींना मी त्याच्या प्रकरणाचा रोजनामा, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, पहिल्या दिवसापासून वाचायला बसवलं. तिसऱ्या पानावर जामीन मंजूर झाल्याची नोंद होती. पंधरा हजारांचा जातमुचलका (आरोपीने स्वतः लिहून द्यायचा बंधपत्र) आणि तेवढ्याच रकमेचा एक जामीनदार. जामीनदार कुणी दिला नाही म्हणून मुलगा आतच. आणि आपला जामीन झालाय हे त्याला माहीतच नव्हतं. "माझा अर्ज अजून चालू आहे" असंच तो मुलाखतीत सांगत होता.

या दोघींना तेव्हा कळलं की ३१ जानेवारी २०२३ चा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश नेमका अशाच माणसांसाठी आहे. जामिनाच्या आदेशाची प्रत कोर्टाने त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी तुरुंग अधीक्षकांमार्फत बंद्याला ई-मेलने पाठवायची. सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचं. महिनाभरात जामीनदार मिळाला नाही तर अट शिथिल करायची का, हे कोर्ट स्वतःहून बघू शकतं. स्थानिक जामीनदाराचा आग्रह हे सुटका लांबण्याचं एक कारण आहे, म्हणून ती अट लादू नये असंही त्यात म्हटलंय. हे सगळं कागदावर आहे. ते त्या मुलापर्यंत पोचवायला रोजनामा वाचणारं कुणीतरी लागतं. एकीने त्याच्या गावाकडच्या चुलत्याचा फोन नंबर मिळवला, त्याच्या नावावर सातबारा आहे का ते विचारलं. सातबारा निघाला नाही. तेव्हा दुसरीने अट कमी करण्याच्या अर्जाचा कच्चा मसुदा लिहिला. त्यात १९७८ च्या मोतीराम प्रकरणाचा आधार घेतला. त्या प्रकरणातला आरोपी गवंडी होता, दहा हजारांचा जामीन मागितला गेला, आणि भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात म्हणून भावाची हमी नाकारली होती. अर्जावर सही लोक अभिरक्षकांची, युक्तिवादही त्यांचाच. मुलगा जातमुचलक्यावर सुटला.

म्हणून माझं सांगणं एवढंच की इंटर्नशिप विद्यार्थ्याच्या सुट्टीला बांधू नका, बंद्याच्या प्रकरणाला बांधा. रिमांडपासून (कोर्ट आरोपीला कोठडी देतं तेव्हापासून) सुटकेपर्यंत किंवा निकालापर्यंत एक प्रकरण नीट धरलं तर त्यातून जे हाती लागतं, ते पन्नास खटल्यांच्या निरीक्षणातून लागत नाही.

शेवंती

मॅडम, मी तीन वर्षांच्या कोर्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे मूट कोर्टच्या (सराव न्यायालयाच्या) पेपरमध्ये एक दिवाणी आणि एक फौजदारी खटला बघून लिहायचा असतो. खरं सांगायचं तर सगळे मागच्या बॅचच्या वह्या उतरवतात. मला तसं करायचं नाहीये. पण मनात शंका आहेत. विद्यार्थ्याला कोर्टात उभं राहता येतं का? तुरुंगात बंद्याशी थेट बोलता येतं का? आणि मी काही चुकीचं बोलले तर त्याचं नुकसान होणार नाही ना?

गोदाकाठ

शेवंती, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न तुझा तिसरा आहे, पण क्रमाने सांगते.

कोर्टात उभं राहता येत नाही. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याच्या कलम २९ आणि ३३ प्रमाणे वकिली फक्त नोंदणीकृत वकिलांनी करायची. कलम ३२ खाली एखाद्या प्रकरणापुरती कोर्ट इतर व्यक्तीला परवानगी देऊ शकतं, पण विद्यार्थ्यांच्या प्रशिक्षणासाठी कुणी त्याच्या भरवशावर बसू नये.

तुरुंगात जाता येतं, प्राधिकरणामार्फत आणि अधीक्षकांच्या परवानगीने. पण एकटीने जायचं नाही आणि वकिलांशिवाय गुन्ह्याची हकीकत विचारायची नाही. याचं कारण नीट समजून घे. आरोपी वकिलाला जे सांगतो त्याला कायद्याचं संरक्षण आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये हे संरक्षण दुभाषे आणि वकिलाचे कारकून किंवा कर्मचारी यांनाही लागू केलंय. विद्यार्थी त्यात बसतो असं गृहीत धरून एखाद्याचं आयुष्य पणाला लावायचं नाही. म्हणून "काय झालं होतं?" हा प्रश्न वकील समोर असतानाच, आणि तोही वकिलांनी विचारायचा.

मग तू काय विचारायचं? घरी कळलंय का. मुलं कुणाकडे आहेत. औषधं चालू होती का, ती आत मिळतात का. चष्मा कुठे आहे. (अटकेत चष्मा फुटलेली, महिनोन्‌महिने काहीही वाचू न शकलेली माणसं मी पाहिलीत, आणि आपण त्यांच्यापुढे सहीला कागद ठेवतो.) शाळा कितवीपर्यंत, कुठली. अटकेची तारीख काय, आणि पोलिसांनी पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटपुढे कधी नेलं. पीसीआर (पोलीस कोठडी) किती दिवस, एमसीआर (न्यायालयीन कोठडी) कधी झाली. आधी कुठली शिक्षा झालीय का. यातली एकही गोष्ट किरकोळ नाही. शाळेवरून वय निघतं, तारखांवरून सक्तीच्या जामिनाचा (डिफॉल्ट बेल, म्हणजे दोषारोपपत्र वेळेत आलं नाही तर मिळणारा जामीन) हक्क निघतो, "आधी शिक्षा नाही" यावरून नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४७९ (लांबलेल्या कोठडीतून सुटका) लवकर लागू होतं.

चुकीचं बोलण्याबद्दल: एकच वाक्य कटाक्षाने टाळ, "तुम्ही लवकर सुटाल." तुझ्या दृष्टीने तो धीर असतो, पण ते ऐकून बंदी घरी निरोप धाडतो आणि घरचे कर्ज काढून कोर्टात येतात.

मुळशीकर

डिफॉल्ट बेलच्या मोजणीबद्दल जरा सविस्तर लिहाल का? आमच्या ज्युनिअर्समध्येही यावरून गोंधळ असतो. मुलांना तुम्ही हे कसं शिकवता?

गोदाकाठ

कॅलेंडर आणि पेन्सिल घेऊन.

नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १८७, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १६७. मृत्युदंड, जन्मठेप किंवा दहा वर्षं व त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात ९० दिवस, बाकी गुन्ह्यांत ६० दिवस. तेवढ्यात दोषारोपपत्र आलं नाही तर जामीन हा आरोपीचा हक्क. मोजणी अटकेपासून करायची नाही, मॅजिस्ट्रेटने पहिली कोठडी दिली त्या दिवसापासून करायची, आणि तो दिवस धरायचा. हे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने स्पष्ट केलंय. पहिला रिमांड १ मार्चला झाला असेल तर २९ एप्रिलला ६० दिवस भरतात आणि ३० एप्रिलला सकाळी अर्ज तयार हवा. "सकाळी" का? कारण अर्ज जाण्याआधी दोषारोपपत्र दाखल झालं की हा हक्क गेला. तपास कितीही उशिरा झालेला असो.

मुलांकडून मी एक वही करून घेते. लोक अभिरक्षक कार्यालयाकडे आलेला प्रत्येक रिमांड, त्याची कलमं, ६० की ९०, आणि साठावा किंवा नव्वदावा दिवस कुठल्या तारखेला. कोर्टाला सुट्टी असली तर पुढे लाल खूण. वही रोज उघडायची. एखादं कलम वाढवलं की ६० चे ९० होतात, म्हणून प्रत्येक रिमांड रिपोर्ट वाचायचा. कंटाळवाणं काम आहे. पण कोर्टात पाऊल न ठेवलेल्या विद्यार्थ्याच्या वहीमुळे माणूस घरी गेल्याचं मी पाहिलंय.

कलम ४७९ ची मोजणी वेगळी. कमाल शिक्षेच्या निम्मा काळ काढलेला कच्चा कैदी (खटल्याचा निकाल न लागलेला), आणि पूर्वी कधीच शिक्षा न झालेला असेल तर एक तृतीयांश काळ काढलेला, जामिनावर सुटायला हवा. साध्या चोरीला कमाल तीन वर्षं, म्हणजे पहिल्या वेळेला एक वर्ष. मृत्युदंड आणि जन्मठेपेच्या गुन्ह्यांना हे लागू नाही, आणि एकाहून जास्त प्रकरणं चालू असतील तरी अडतं. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १ जुलै २०२४ पूर्वीच्या, म्हणजे ही संहिता लागू होण्याआधीच्या, प्रकरणांनाही हा लाभ द्यायला सांगितलं. तुरुंगातली यादी घेऊन बसलं की यात बसणारी नावं निघतात. २०२२ च्या अखेरीस देशभरच्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजारांवर माणसं होती आणि त्यातले ४ लाख ३४ हजारांवर कच्चे कैदी. शंभरातले जवळपास शहात्तर. हात कमी पडतात ते इथे.

सह्यकडा

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. माझ्या सख्ख्या भावाच्या खुनाची केस चालू आहे. कोर्टात आम्ही कोपऱ्यात उभे असतो. आरोपीला मोफत वकील, आता त्याच्या दिमतीला विद्यार्थीही. आमच्या आईशी तारखेला दोन शब्द बोलायला कुणी नसतं. तरुण मुलांना तुम्ही एकाच बाजूची कणव शिकवताय असं वाटतं.

गोदाकाठ

राग अजिबात नाही. तुमच्या घरावर जे आलंय त्यापुढे माझे शब्द तोकडे आहेत.

तुमच्या आईशी बोलायला कुणी नसतं ही तक्रार रास्त आहे. त्यासाठीही तेच प्राधिकरण आहे. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, कमी उत्पन्नाचे लोक कलम १२ खाली फिर्यादी बाजूचे असले तरी मोफत सल्ल्याला पात्र आहेत. म्हणजे तुमच्या आई आहेतच. कोर्टाच्या परवानगीने तुम्ही सरकारी वकिलांच्या मदतीला स्वतःचा वकील देऊ शकता. नुकसानभरपाईचा अर्जही प्राधिकरणाकडेच जातो. हे कुणी सांगितलं नसेल तर सचिवांना जरूर भेटा. आरोपीचं काम करणारे विद्यार्थी तुमच्या आईजवळ गेले तर ते मात्र चूक होईल, त्यांना तशी सक्त मनाई असते. तुमच्यासाठी वेगळी माणसं हवीत आणि ती असायला हवीत.

एका बाजूच्या कणवेबद्दल मात्र एक प्रकरण सांगते. २००३ साली आपल्याच राज्यात दरोडा, बलात्कार आणि खुनांचं एक भयंकर प्रकरण घडलं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना दोषी ठरवलं गेलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांना फाशीची शिक्षा दिली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने पुनर्विचारात सहाही जणांना निर्दोष सोडलं. सोळा वर्षं आत गेली होती. प्रत्यक्षदर्शी बाईंनी पोलिसांच्या फोटोंमधून वेगळीच चार माणसं ओळखली होती, आणि त्यांचा नीट तपास झालाच नव्हता. सोळा वर्षं त्या घरातल्या माणसांनाही न्याय मिळाला नव्हता. पहिल्याच खटल्यात त्या फोटोंवर कुणी कसून उलटतपासणी केली असती तर खरे गुन्हेगार शोधायला वेळ उरला असता. आरोपीचा बचाव नीट झाला तर तुमच्या भावाच्या खटल्यातला निकालही वरच्या कोर्टात टिकेल, असं मला अगदी मनापासून वाटतं.

सह्यकडा

सचिवांना भेटतो. आईच्या हक्काचं माहीत नव्हतं. धन्यवाद.

माहीमची_माई

मी वकील नाही, सामाजिक कार्यकर्ती आहे. कच्च्या कैद्यांसोबत काम करताना विधीचे आणि समाजकार्याचे विद्यार्थी एकत्र असावेत असं सुचवते. टाटा समाजविज्ञान संस्थेचा 'प्रयास' प्रकल्प १९९० पासून याच वाटेने काम करतोय, कोठडीतल्या माणसाचा कायदेशीर प्रश्न आणि घरचा प्रश्न एकत्र बघायचा. पुढे येरवडा आणि नागपूर तुरुंगांतही वकील आणि समाजकार्यकर्ते अशा जोड्या फेलोशिपवर नेमल्या गेल्या होत्या.

अनुभव असा की "फुकटचा वकील काय कामाचा" ही समजूत फार खोलवर आहे. माणूस घर गहाण टाकून खासगी वकील करतो, दोन तारखांनी पैसे संपतात आणि वकीलही दिसेनासा होतो. ही समजूत भाषणाने जात नाही. विद्यार्थी दुसऱ्यांदा भेटायला आला, "तुमच्या बहिणीशी बोलले, ती बरी आहे" एवढं सांगितलं, की तिसऱ्या भेटीत माणूस खरं बोलतो. म्हणून महिनाभराने गायब होणाऱ्या मुलांना मी तुरुंगात नेत नाही. आतल्या माणसाला आधीच पुष्कळांनी सोडलेलं असतं.

बायकांच्या बराकीत तर घरचे भेटायलाही येत नाहीत. १९८३ च्या शीला बारसे निकालाची सुरुवात मुंबईच्या कोठडीतल्या स्त्रियांच्या मुलाखतींपासून झाली. अटक झाली की पोलिसांनी लगेच विधी सहाय्य समितीला कळवावं हे त्या निकालात आहे. माझ्या अनुभवात ते अजूनही बऱ्याचदा राहून जातं.

पॅसिफिककाठ

मी अमेरिकेत कायद्याचं शिक्षण घेतलं, तिथल्या पद्धतीबद्दल थोडं लिहितो. १९६३ च्या गिडियन निकालानंतर (ऐपत नसलेल्या आरोपीला सरकारने वकील द्यायचा, असा तो निकाल) राज्याराज्यांत सार्वजनिक बचाव कार्यालयं वाढली आणि महाविद्यालयांची क्लिनिक्स (विधी सहाय्य केंद्रं) त्यांच्याबरोबरीने उभी राहिली. बहुतेक राज्यांत असे नियम आहेत की वरच्या वर्षाचा विद्यार्थी अशिलाच्या संमतीने आणि वकिलाच्या देखरेखीखाली खरोखर कोर्टात उभा राहू शकतो. त्याच्या हाताखाली मोजकी प्रकरणं असतात आणि देखरेख करणारे प्राध्यापक प्रत्येक मुलाखत, प्रत्येक प्रश्न आधी घोटून घेतात. वॉशिंग्टनच्या सार्वजनिक बचाव कार्यालयात तर पदवीचे विद्यार्थीही तपासनीस म्हणून काम करतात, जोडीने घटनास्थळी जातात, साक्षीदारांना भेटतात, जबाब लिहून घेतात. आपल्याकडे हे का होऊ नये?

गोदाकाठ

कोर्टात उभं राहण्याची सोय आपल्याकडेही व्हावी, निदान जामीनदाराची अट कमी करण्यासारख्या अर्जांपुरती तरी, असं मला वाटतं. त्यासाठी नियम बदलावे लागतील आणि त्याआधी देखरेख करणारी माणसं लागतील. आज एका प्राध्यापकाकडे अख्खा वर्ग असतो आणि क्लिनिक हे त्याचं जादा काम असतं, त्याचा तासही धरला जात नाही. ते तसंच राहिलं तर परवानगी मिळूनही आरोपीवर प्रयोगच होतील.

साक्षीदारांना भेटण्याबद्दल मात्र मी सावध आहे. आपल्याकडे बचाव पक्षाकडून कुणी सरकारी साक्षीदाराच्या दारात गेलं की साक्षीदार फोडल्याचा आरोप ठेवलेलाच आणि आरोपीचा जामीनही धोक्यात. विद्यार्थ्यांनी तिकडे फिरकायचंच नाही.

घटनास्थळ ही वेगळी गोष्ट. पंचनाम्यात लिहिलेलं असतं, "विजेच्या खांबाच्या उजेडात आरोपीस ओळखले." त्या जागी त्याच वेळेला रात्री वकिलांबरोबर जाऊन उभं राहायचं. खांब कुठे आहे, घराचा दरवाजा कुठल्या दिशेला उघडतो, मध्ये झाड आहे का, साक्षीदार उभा होता म्हणतो तिथून चेहरा दिसतो की नुसती आकृती. एका प्रकरणात आमच्या विद्यार्थ्याने टेपने अंतर मोजलं आणि पंचनाम्यातल्या नकाशाशी ताडून पाहिलं. नकाशात खांब रस्त्याच्या अलीकडे होता, प्रत्यक्षात पलीकडे, गोठ्याच्या आड. उलटतपासणीचे चार प्रश्न तिथे मिळाले. फोटो काढताना मात्र आधीच ठरवायचं की उद्या हे फोटो सिद्ध करायला पिंजऱ्यात कोण उभं राहणार. वकील स्वतःच्याच प्रकरणात साक्षीदार होऊ शकत नाही, म्हणून आरोपीच्या नातेवाइकाला किंवा फोटोग्राफरला बरोबर न्यायचं.

कागद शोधणं हेही तितकंच मोठं काम. १९९४ च्या पुण्यातल्या हत्याकांडात फाशीची शिक्षा झालेला एक माणूस मार्च २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सोडला. गुन्ह्याच्या वेळी तो बारा वर्षांचा होता हे राजस्थानातल्या त्याच्या शाळेच्या रजिस्टरवरून मान्य झालं. अठ्ठावीस वर्षं तो आत होता. एका शाळेच्या दप्तरात पडलेली नोंद. २०२२ च्या मनोज प्रकरणानंतर तर फाशीच्या खटल्यात आरोपीचं बालपण, आजार, घरची परिस्थिती कोर्टापुढे आणणं गरजेचंच झालंय. ही माहिती गोळा करायला वेळ लागतो, धीर लागतो, लोकांच्या ओसरीवर बसावं लागतं. पोरांकडे या तिन्ही गोष्टी असतात.

पारिजात

माझी मुलगी चौथ्या वर्षाला आहे, तिला हेच करायचंय. आई म्हणून विचारते, तुरुंगात, पोलीस ठाण्यात मुलींना पाठवणं सुरक्षित आहे का? आणि हे सगळं ऐकून मनावर परिणाम होत नाही का?

गोदाकाठ

तुरुंगातल्या मुलाखतीच्या जागी कर्मचारी असतात, मोबाईल दारातच जमा होतो, ये-जा नोंदली जाते. वकील बरोबर असतातच. पोलीस ठाण्यात आम्ही विद्यार्थ्यांना एकटं पाठवत नाही, मुलगा असो की मुलगी. स्वतःचा फोन नंबर आणि पत्ता कुणालाही द्यायचा नाही, संपर्क फक्त कार्यालयाच्या नंबरवरून. पैसे घ्यायचे नाहीत, द्यायचे नाहीत, बाहेरचा निरोप आत न्यायचा तर तो वकिलांना विचारूनच.

मनावर परिणाम होतो. लहान मुलांवरच्या अत्याचाराची दोषारोपपत्रं वाचताना मुलं आतून हलतात. शिवाय अशा आरोपीसाठी आपण काम करतोय याचा ताण वेगळा. म्हणून दर आठवड्याला बसून बोलायचं, हा आमच्याकडे अभ्यासक्रमाचाच भाग आहे. एखादं प्रकरण नको वाटलं तर तसं सांगायची मोकळीक असते, आणि त्याचे गुण कापले जात नाहीत. लेकीला जाऊ द्या. फक्त तिच्यावर देखरेख कोण करणार, त्यांचं नाव आणि आठवड्यातला भेटीचा दिवस आधी विचारून घ्या. ते नीट सांगता आलं नाही तर ती जागा घेऊ नका.

नीरेकाठी

आमच्यासारख्यांचं काय? मी गावाकडून येतो, एसटीचा पास कसाबसा निघतो. मुंबई-दिल्लीच्या फौजदारी वकिलांकडे बिनपगारी महिनाभर राहायचं म्हणजे आमच्यासाठी दार बंदच.

गोदाकाठ

तू मुंबईला जाऊच नकोस. तुझ्या जिल्ह्याच्या ठिकाणी लोक अभिरक्षक कार्यालय आहे, तालुक्याला विधी सेवा समिती आहे. आणि तुझ्याकडे एक गोष्ट आहे जी शहरातल्या मुलांकडे नसते. बंद्याची बोली तुला कळते. "वावरात भांडण झालं" म्हणजे बांधावरून झालं की पाण्याच्या पाळीवरून, हे तुला दोन वाक्यांत उमगतं. पारधी वस्तीवरचा किंवा ऊसतोडीच्या टोळीतला माणूस मोठ्या ऑफिसमधल्या इंटर्नपुढे गप्प बसतो, तुझ्यापुढे बोलेल. अशा मुलांचा प्रवासखर्च तरी महाविद्यालयांनी उचलावा, ही मागणी मी आमच्याकडे दरवर्षी लावून धरते.

शेवंती

मॅडम, मी ठरवलं. आमच्या जिल्हा प्राधिकरणाकडे अर्ज करते. त्यात काय लिहू? कॉलेज म्हणतंय की बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त इंटर्नशिप चालत नाही.

गोदाकाठ

नियम सलग चार आठवड्यांबद्दल आहे. संपूर्ण तीन वर्षांच्या कोर्सला किमान बारा आठवडे, पाच वर्षांच्या कोर्सला वीस, आणि एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त नाही. आठवड्यातून दोन दिवस वर्षभर जाण्याला तो आड येत नाही. म्हणून अर्जात "मे महिना" असं लिहू नकोस. तुझे तास नसलेले दोन वार लिही आणि कालावधी शेवटच्या परीक्षेपर्यंतचा लिही. अर्ज सचिव, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण यांच्या नावे, सोबत प्राचार्यांचं पत्र, ओळखपत्राची प्रत आणि गोपनीयतेचं हमीपत्र. हमीपत्राचा आमचा नमुना तुला व्यक्तिगत निरोपाने पाठवलाय. त्यातलं व्हॉट्सॲप आणि सोशल मीडियाचं कलम वाचूनच सही कर, बंद्याचं नाव मैत्रिणीलाही सांगायचं नाही.

आणि अर्ज द्यायला रिमांडच्या वेळी जाऊ नकोस, सगळे कोर्टात असतात. दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर जा. जाताना मुख्य लोक अभिरक्षकांना एवढंच विचार, "सर, जामीन होऊन आत राहिलेल्यांची यादी आहे का? मी तिच्यापासून सुरुवात करू का?"

शेवंती

यादीचं विचारते. सोमवारी जाऊन येते आणि काय झालं ते इथेच लिहिते.